जुनं सामान ऑनलाइन विकताना पैसे घ्यायचे कसे? यूपीआय, रोख, चेक आणि घरपोच खरेदी सेवांचं परीक्षण

मुंबईत जुना फोन, कॅमेऱ्याची लेन्स, वॉशिंग मशीन किंवा सागवानी दिवाण विकायला काढला की गिऱ्हाईक मिळायला वेळ लागत नाही. अडचण पुढे येते. जाहिरात टाकल्या टाकल्या जो फोन करतो, वस्तू न बघताच 'डन' म्हणतो, भावात एक रुपयाही कमी करा म्हणत नाही आणि पैसे आत्ताच पाठवतो म्हणून मागे लागतो, तो बहुतेक वेळा गिऱ्हाईक नसतोच. दादर असो की डोंबिवली, खरं गिऱ्हाईक घासाघीस करतं, ओरखडे बघतं, बिल मागतं, आणि 'रविवारी येतो' म्हणून सांगतं.

हे परीक्षण विक्रीच्या साइट्सचं नाही. त्या साइट्स दोन अनोळखी माणसांची गाठ घालून देतात. पैशांचा व्यवहार बहुधा त्या दोघांनाच आपापसात उरकावा लागतो, आणि गंडा तिथेच घातला जातो. म्हणून इथे तपासले आहेत ते पैसे हातात येण्याचे मार्ग. प्रत्येक मार्गाला दोन प्रश्न लावले आहेत. पैसे खरोखर खात्यात आले का? आणि आले ते समोर उभ्या असलेल्या माणसाचेच आहेत का? पहिला प्रश्न आता बऱ्याच जणांना पाठ झाला आहे. दुसरा फारसं कोणी विचारत नाही, आणि त्याचा फटका अधिक दिवस पुरतो.

त्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फसवणाऱ्यांचे दोन वेगळे धंदे आहेत. एकाला तुमची वस्तू हवी असते: फोन, लेन्स, गेमिंग कन्सोल, सोन्याचं नाणं. लहान, महाग आणि हातोहात खपणारं काहीतरी. तो स्वतः येतो किंवा माणूस पाठवतो, पैसे दिल्याचा देखावा करतो आणि वस्तू घेऊन पसार होतो. दुसऱ्याला तुमच्या लोखंडी कपाटाशी काही देणंघेणं नसतं. तो कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातून बोलत असतो आणि त्याला तुमचं बँक खातं हवं असतं. फोन विकताना पहिल्या प्रकारच्या भामट्यापासून सावध राहायचं, फर्निचर विकताना दुसऱ्या प्रकारच्या.

यूपीआय: एक लाखापर्यंत सगळ्यात सोयीचं, पण अटींवर

नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ साली यूपीआय आणलं. त्याचा मूळ नियम तेव्हापासून तोच आहे: पिन लागतो तो पैसे जाताना. येताना काहीही लागत नाही. पिन नाही, स्कॅन नाही, 'स्वीकारा' असं बटणही नाही. हा नियम ठाऊक असूनही माणसं फसतात, कारण समोरचा त्यांना विचार करायला उसंत देत नाही.

ठरलेला प्रयोग असा असतो. समोरचा सांगतो, मी लष्करात किंवा विमानतळाच्या सुरक्षा दलात आहे, बदली झाली आहे, सामान घ्यायला माणूस आणि टेम्पो येईल. व्हॉट्सअ‍ॅपवर गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र येतं. मग खात्री पटावी म्हणून तो एक रुपया पाठवतो आणि तो खरंच जमा होतो. आता विश्वास बसलेला असतो. त्यानंतर तो क्यूआर कोडचं चित्र पाठवतो. चित्रावर '१८,००० रुपये मिळवा' असं ठळक लिहिलेलं असतं. ती अक्षरं त्याने स्वतः चित्रावर टाकलेली असतात, कोडशी त्यांचा संबंध नसतो. स्कॅन केल्यावर तुमच्या अ‍ॅपमध्ये 'पे' असं बटण आणि पैसे घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. ते नाव वाचण्याच्या आत फोनवर घाई सुरू होते: 'सर, जल्दी पिन डालिए, पैसा आ जायेगा, टाइमआउट हो रहा है.' त्या क्षणी फोन कट करायचा. भांडू नका, जाब विचारू नका, फक्त कट करा.

पूर्वी हाच खेळ पैसे मागणाऱ्या विनंतीने व्हायचा. माणसाने माणसाला पैशांची विनंती पाठवण्याची ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. निर्णय चांगला होता, खूप आधी व्हायला हवा होता. मात्र क्यूआरचा मार्ग उघडाच आहे, आणि ऑटोपेच्या, म्हणजे ठरावीक मुदतीने खात्यातून आपोआप पैसे कापले जाण्याच्या, मंजुरीचाही. ऑटोपेच्या पडद्यावर रक्कम, कालावधी आणि 'मंजूर' असं बटण असतं. घाईत बघणाऱ्याला ते पैसे येत असल्यासारखं वाटू शकतं. तिथेही पिन मागितला जातो, आणि पिन मागितला म्हणजे पैसे जाणार.

विकणाऱ्याने मांडणी अशी ठेवावी. घरखर्चाच्या किंवा पगाराच्या खात्यावर हे पैसे घेऊच नयेत. वेगळं, थोडी शिल्लक असलेलं बचत खातं ठेवावं आणि जाहिरातींचे पैसे त्याच खात्यावर घ्यावेत. याचा खरा फायदा पुढे लीनच्या, म्हणजे बँकेने खात्यातली रक्कम अडकवून ठेवण्याच्या, भागात कळेल. दुसरं, मोबाइल नंबरावर पैसे मागण्याऐवजी ज्यात नंबर नाही असा यूपीआय आयडी बनवून घ्यावा. बहुतेक अ‍ॅप्समध्ये प्रोफाइलमध्ये जाऊन दुसरा आयडी जोडता येतो. तिसरं, क्यूआर नेहमी आपला. अ‍ॅपमध्ये आपला क्यूआर उघडून त्यात ठरलेली रक्कम घालावी आणि तो पडदा गिऱ्हाइकापुढे धरावा. रक्कम आधीच भरलेली असली की शून्य कमी पडण्याची भानगड राहत नाही. त्याचा क्यूआर आपण कधीही, कुठल्याही कारणाने स्कॅन करायचा नाही.

आता पैसे आले की नाही हे बघायचं कुठे? गिऱ्हाइकाच्या फोनवर नक्कीच नाही. हुबेहूब हिरवी बरोबरची खूण, आवाज, नाव, वेळ सगळं दाखवणारी नकली अ‍ॅप्स फिरत असतात. त्यात हवी ती रक्कम आणि हवं ते नाव टाकता येतं. एसएमएसवरही भिस्त नको. खोटा एसएमएस साध्या दहा आकडी नंबरावरून येतो. बँकेच्या खऱ्या संदेशावर नंबर नसतो, अक्षरांचं शीर्षक असतं, आणि २०२५ पासून त्या शीर्षकाच्या शेवटी आडव्या रेघेनंतर एक अक्षर येतं: टी किंवा एस म्हणजे व्यवहार आणि सेवा, पी म्हणजे जाहिरात, जी म्हणजे सरकारी. बँकेची जमा सांगणारा संदेश पी शीर्षकाने किंवा एखाद्या मोबाइल नंबराने येत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवावी: काही बँकांनी छोट्या रकमांचे एसएमएस पाठवणं थांबवलं आहे, तेव्हा एसएमएस नाही म्हणजे पैसे नाहीत असंही समजू नये.

खरी जागा एकच, बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपमधली खात्याची नोंद. ती नीट वाचायला शिकावं. बहुतेक बँकांत ती तिरप्या रेघांनी तुकडे पाडलेली असते. आधी यूपीआय, मग जमेची खूण, मग १२ आकडी संदर्भ क्रमांक, त्यापुढे पाठवणाऱ्याचं नाव, पुष्कळदा मध्येच तुटलेलं, मग त्याच्या बँकेचं लघुरूप आणि कधी कधी त्याचा यूपीआय आयडी. बँकेगणिक क्रम थोडा बदलतो, पण १२ आकडी क्रमांक आणि नाव असतंच. तो क्रमांक दोन्ही बाजूंना सारखाच असतो. गिऱ्हाइकाला त्याच्या फोनवरचे शेवटचे चार आकडे वाचायला सांगावेत आणि आपल्या नोंदीशी ताडून पाहावेत. नाव समोरच्या माणसाचंच आहे ना, हेही तिथल्या तिथे बघून घ्यावं.

मुंबईत यात नेटवर्कची अडचण येते. स्टिल्ट पार्किंग, तळघर, लिफ्टची लॉबी, स्टेशनातला सबवे, इथे डेटा गळतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, 'माझ्याकडून गेले, तुमचं नेट स्लो आहे.' खरंच गेले असतील तर पाच मिनिटं थांबायला त्याची हरकत नसावी. व्यवहार सोसायटीच्या गेटवर, उघड्यावर, वॉचमनच्या केबिनजवळ करा. त्याहून बरं म्हणजे मेट्रो स्टेशनचा तिकीट खिडकीजवळचा भाग किंवा बँकेच्या शाखेचं दार. तिथे कॅमेरेही असतात.

'पेंडिंग' दिसलं तर वस्तू द्यायची नाही, मग त्याच्या फोनवर पैसे वजा झालेले दिसले तरी. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार अडकलेला यूपीआय व्यवहार दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप उलटायला हवा, नाही तर बँकेला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. म्हणजे त्याचे पैसे बुडत नाहीत. त्याला हे शांतपणे सांगावं आणि दुसऱ्या बँकेतून पाठवायला किंवा उद्या यायला सांगावं.

मर्यादेचं कारण मात्र कधी कधी खरं असतं. माणसाने माणसाला पाठवण्याची यूपीआयची मर्यादा दिवसाला एक लाख रुपये आहे, काही बँका ती आणखी कमी ठेवतात, आणि नव्या फोनवर यूपीआय नुकतंच सुरू केलं असेल तर पहिल्या २४ तासांत सहसा ५,००० च पाठवता येतात. म्हणून ४०,००० ची लेन्स असेल तर भेटण्याआधीच विचारून ठेवावं: तुमच्या अ‍ॅपमधून एवढी रक्कम जाते ना? हा प्रश्न विचारल्यावर खरं गिऱ्हाईक तपासून सांगतं. खोटं गिऱ्हाईक विषय बदलतं.

'चुकून जास्त पाठवले' हाही नेहमीचा डाव. १५,००० ऐवजी ५०,००० गेल्याचा संदेश येतो आणि रडकुंडीला येऊन ३५,००० परत मागितले जातात. खात्यात बघितलं तर काहीच नसतं. आणि समजा खरोखर आले असतील, तरी वेगळ्या नंबरावर परत पाठवू नका. पाठवलेत तर तो तुमचा स्वतंत्र व्यवहार ठरतो आणि मूळ रक्कमही तक्रारीनंतर अडकते. बँकेला लेखी कळवा की ही रक्कम चुकून आली आहे, आली त्याच खात्यावर परत करा.

दुसरा प्रश्न: पैसे कोणाचे?

आता त्या फसवणुकीकडे, जिच्यात वरचं सगळं पाळूनही माणूस अडकतो. यात पैसे खरे असतात. रक्कम पूर्ण असते. नोंद चोख असते. वस्तू दिली जाते, आणि काही दिवसांनी खातं चालेनासं होतं.

होतं असं. भामटा तुमचा फोन ३२,००० ला ठरवतो. त्याच वेळी तो दुसऱ्याच कोणाला तरी, समजा नागपूरच्या एखाद्या माणसाला, स्वस्त स्कूटर विकत असल्याचं किंवा घरबसल्या नोकरी देत असल्याचं सांगत असतो. त्याच्याकडे 'अनामत' म्हणून ३२,००० मागतो आणि यूपीआय आयडी देतो तो तुमचा. नागपूरकर पैसे टाकतो, ते तुमच्या खात्यात येतात, भामटा फोन घेऊन जातो. नागपूरकर तक्रार करतो. तक्रारीत खातं कोणाचं? तुमचं. बँक त्या रकमेवर लीन लावते, कधी अख्खं खातं गोठवते. गृहकर्जाचा हप्ता परत जातो, वीजबिल अडतं, आणि आपण काय केलं हेच कळत नाही. ज्याचं काहीही चुकलेलं नाही अशा माणसाला हे सोसावं लागतं, म्हणून या प्रकाराबद्दल जितकं सांगावं तितकं थोडंच आहे.

यावर उपाय एकच आणि तो कडक पाळावा. पैसे पाठवणारं खातं समोरच्या माणसाच्या नावाचं हवं. 'माझा भाऊ पाठवतोय', 'ऑफिसचं अकाउंट आहे', 'मित्राकडून येणं होतं ते तुम्हाला वळवतो', या तिन्ही वाक्यांना नाही म्हणायचं. नवरा-बायको दोघं समोर असतील आणि पैसे बायकोच्या खात्यातून येत असतील तर हरकत नाही, ती समोर आहे. समोर नसलेल्या माणसाचे पैसे घ्यायचे नाहीत.

सोबत एक कागद करावा. वस्तूचं नाव, फोन असेल तर त्याचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा असणारा) क्रमांक, रक्कम, १२ आकडी संदर्भ क्रमांक, तारीख, वेळ, दोघांची नावं आणि सह्या. गिऱ्हाइकाचं ओळखपत्र बघावं आणि त्याच्या परवानगीने त्याचा फोटो घ्यावा. आधार असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार पुरे. जो माणूस ३२,००० मोजतो आहे तो सहीला नाही म्हणत नाही. ही चिठ्ठी, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि चॅट जपून ठेवावं. खातं अडकलंच तर हेच पुरावे कामी येतात. आणि खातं वेगळं ठेवलेलं असेल तर पगार आणि हप्ते चालू राहतात.

फोन करणाऱ्याचा नंबर किंवा यूपीआय आयडी आधी तपासायचा असेल तर केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर संशयित शोधण्याची सोय आहे. नंबर, खाते क्रमांक, यूपीआय आयडी टाकून त्यावर आधी तक्रार झालेली आहे का ते बघता येतं. चांगली सोय आहे, वापरावी. मात्र तिथे काही सापडलं नाही म्हणजे माणूस चोख, असा अर्थ काढू नये. नंबर रोज बदलतात.

बँक ट्रान्स्फर

लाखाच्या वरच्या वस्तूंना, म्हणजे मोटरसायकल, चांगला कॅमेरा, पियानो, आयएमपीएस उत्तम. मर्यादा पाच लाख, पैसे लगेच. गोम ही की नवीन खातं जोडल्यावर बऱ्याच बँका पहिल्या दिवशी थोडीच रक्कम पाठवू देतात. म्हणून भेटीच्या आदल्या दिवशीच गिऱ्हाइकाला तुमचं खातं जोडून ठेवायला सांगा. हे न सांगितल्यामुळे पुष्कळ चांगले सौदे पार्किंगमध्ये उभ्या उभ्या मोडतात.

एनईएफटी चोवीस तास चालतं, पण ते अर्ध्या अर्ध्या तासाच्या गठ्ठ्यांनी पुढे जातं आणि त्यानंतरही जमा व्हायला वेळ लागू शकतो. 'एनईएफटी केलंय, हा बघा स्क्रीनशॉट' म्हणजे अजून काही आलेलं नाही. दोन लाख आणि वर असेल तर आरटीजीएस. खातं सांगताना खाते क्रमांक आणि आयएफएससी एवढंच द्यावं. रद्द केलेला चेक, पॅन, आधार यांतलं काही मागितलं तर देऊ नये. पैसे पाठवायला त्यांची गरज नसते.

रोख

रोख अजूनही चांगलीच आहे, आणि दुसऱ्या प्रश्नातून ती तुम्हाला जवळजवळ पूर्ण सोडवते: नोटेवर लीन लागत नाही. दहा-पंधरा हजारांच्या वस्तूला तर रोखच बरी. कायद्याची मर्यादा मात्र पाळायची. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, आणि घेतली तर दंड घेणाऱ्याला होतो, तोही तेवढ्याच रकमेचा.

पाचशेची नोट तिरकी केली की तिच्यातला धागा हिरव्याचा निळा होतो. डाव्या-उजव्या कडेला बोटाला जाणवणाऱ्या पाच तिरप्या रेघा असतात. उजेडासमोर धरली की गांधीजींची प्रतिमा आणि ५०० चा आकडा उमटतो. तीन गोष्टी, प्रत्येक नोटेला दोन-तीन सेकंद. खोटी नोट बँकेत गेली की ती जप्त होते, बदल्यात काही मिळत नाही. आणि एका भरण्यात पाच किंवा जास्त निघाल्या तर बँकेला पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागतो. दोन हजारांची नोट घेऊ नये. ती कायद्याने चालते, पण ऑक्टोबर २०२३ पासून बँकेच्या शाखा ती घेत नाहीत. बदलायला रिझर्व्ह बँकेच्या फोर्ट किंवा बेलापूरच्या कार्यालयाची वाट धरावी लागते.

मोजणीतही हातचलाखी होते. तुम्ही मोजून झाल्यावर गिऱ्हाईक 'एकदा मला मोजू द्या' म्हणून गड्डी परत घेतं आणि मधल्या चार नोटा मुठीत राहतात. शेवटची मोजणी तुमचीच असली पाहिजे. मोठी रक्कम असेल तर भेट बँकेच्या शाखेत ठेवावी, वस्तू द्यायच्या आधी नोटा पैसे भरण्याच्या मशीनमध्ये टाकाव्यात. मशीन संशयास्पद नोट बाहेर टाकतं आणि मोजणीचा वादही मिटतो.

चेक आणि डिमांड ड्राफ्ट

अनोळखी माणसाकडून घेऊ नये, एवढंच. चेकचं क्लिअरिंग ४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याच दिवसात व्हायला लागलं आहे, तरी 'चेक भरलाय, ही स्लिप' याला अर्थ नाही. खात्यात एकूण शिल्लक वाढलेली दिसू शकते. बघायची ती वापरता येण्याजोगी शिल्लक. चेक न वटल्यास कायद्याने नोटीस आणि खटला आहे, पण जुन्या फ्रिजसाठी कोर्टाच्या पायऱ्या कोणी झिजवाव्यात?

लिंक, फाइल आणि रायडर

'साइटची सुरक्षित पेमेंट सेवा आहे, ही लिंक भरा, कुरियरवाला येऊन घेऊन जाईल.' लिंकवर साइटसारखंच पान उघडतं आणि पैसे 'मिळवण्यासाठी' कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे आणि ओटीपी मागतं. कार्डावर पैसे घ्यायला ओटीपी लागत नाही. 'विमा म्हणून ४९९ भरा, परत मिळतील' हाही त्याच माळेचा मणी. एपीके फाइल, म्हणजे फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल, आली तर उघडायची नाही. ती बसली की एसएमएस परस्पर दुसरीकडे जाऊ शकतात, त्यात ओटीपीही गेले. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला सहा आकडी कोड 'तुम्ही खरे विक्रेते आहात का ते बघतो' म्हणून मागितला, तर तुमचं व्हॉट्सअ‍ॅपच त्याच्या हातात जाणार असतं.

दुचाकीवरून पार्सल नेणाऱ्या सेवा मुंबईत फार कामाच्या आहेत. बोरिवलीची वस्तू परळला न्यायला स्वतः लोकलने जायचं कारण नाही. पण बुकिंग ज्याने केलं, त्याच्याच हातात पार्सलचा माग आणि उतरवण्याचा पत्ता असतो. गिऱ्हाइकाने बुक केलेला रायडर दारात आला की तो बिचारा घाईत असतो, त्याला या व्यवहारातलं काही ठाऊक नसतं, आणि त्याच्या घाईपायी आपण वस्तू देऊन टाकतो. बुकिंग विकणाऱ्याने करावं, पैसे नोंदीत आल्यावर करावं आणि भाडं किमतीत धरावं.

घरी येऊन फोन नेणाऱ्या कंपन्या आणि दुकानं

पैशांच्या फसवणुकीपुरतं बोलायचं तर या सेवा सगळ्यात सुरक्षित, आणि भावात सगळ्यात तोट्याच्या. साइटवर मॉडेल, स्थिती, बिल-बॉक्स भरलं की आकडा मिळतो. दारात आलेला माणूस स्वतःच्या अ‍ॅपने पडदा, कॅमेरा, बॅटरी, स्पीकर तपासतो, आणि तो आकडा बऱ्याचदा खाली येतो. ऑनलाइन फॉर्म भरताना बारीक ओरखडा, बदललेली बॅटरी, कमी बॅटरी हेल्थ हे सगळं प्रामाणिकपणे लिहावं; मग दारात पाडायला कारण उरत नाही. तरी पाडलाच तर नाही म्हणून फोन परत घेता येतो, हे विसरू नये. पैसे यूपीआय किंवा आयएमपीएसनेच मागावेत. 'चोवीस तासांत एनईएफटी' किंवा व्हाउचर घेऊन फोन द्यायचा नाही.

एक क्रम कटाक्षाने पाळावा. आधी बॅकअप, मग किंमत पक्की, मग पैसे खात्यात, आणि शेवटी गूगल किंवा अ‍ॅपल खात्यातून बाहेर पडून फोन पूर्ण रीसेट. पैसे येण्याआधी रीसेट केलेला, कुलूप नसलेला फोन हातात दिला की चोराचं निम्मं काम तुम्हीच केलेलं असतं. पैसे ज्या अ‍ॅपमध्ये तपासायचे, ते विकायच्या फोनवर नको. दुसऱ्या फोनवर हवं.

लॅमिंग्टन रोडला किंवा जवळच्या मोबाइल दुकानात भाव साधारण असाच पडतो, पण रोख हातात आणि दहा मिनिटांत मोकळे. दुकानदार ओळखपत्राची झेरॉक्स मागतात, ते योग्यच आहे. तिच्यावर 'फक्त या फोनच्या विक्रीसाठी' असं लिहून आयएमईआय, तारीख आणि सही आडवी टाकावी. फर्निचरसाठी ओशिवऱ्याच्या जुन्या बाजारातले व्यापारी घरी येऊन बघतात आणि टेम्पो त्यांचाच असतो. सामान टेम्पोत चढण्याआधी पैसे घ्यावेत. चढल्यावर भाव बदलतो.

घरून साड्या, फराळ किंवा राख्या विकणाऱ्या आणि प्रदर्शनात स्टॉल लावणाऱ्या बायकांना साउंडबॉक्स, म्हणजे पैसे जमा झाल्याचं मोठ्याने सांगणारा डबा, घ्यायला हरकत नाही. महिना भाडं पडतं, पण गर्दीत प्रत्येकीचा फोन तपासत बसावं लागत नाही. शिवाय कोणी स्टॉलवरच्या क्यूआरवर स्वतःचं स्टिकर चिकटवलं तर डबा गप्प राहतो आणि लगेच लक्षात येतं.

१९३०

फसवणूक झालीच तर बँकेच्या आधी की नंतर, यात वेळ घालवू नये. एकाने बँकेचा नंबर लावावा, दुसऱ्याने १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची तक्रार घेणारी सरकारी हेल्पलाइन. हातात हवं ते असं: आपली बँक आणि खाते क्रमांक, व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ, आणि समोरच्याचा नंबर व यूपीआय आयडी. ही सेवा ज्या खात्यात पैसे गेले तिथे आणि तिथून पुढे गेले तिथेही रक्कम रोखायचा प्रयत्न करते. भामटे रक्कम काही मिनिटांत तुकडे करून पुढे सरकवतात, म्हणून पहिल्या तासातला फोन आणि संध्याकाळचा फोन यांत फार अंतर पडतं. लाइन लागायला वेळ लागला तर त्याच वेळी सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरायला घ्यावी. पोचपावतीचा क्रमांक जपावा. तक्रार जवळच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. मुंबईत पाच प्रादेशिक सायबर पोलीस ठाणीही आहेत. पैसे गेले नाहीत, फक्त प्रयत्न झाला असेल, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी या साइटवरच्या चक्षू या सोयीत तो नंबर कळवावा.

बँकेला लगेच कळवण्याचं आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेलेली रक्कम कळवेपर्यंत ग्राहकाच्या माथी, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. स्वतः पिन टाकलेला असेल तर आधीचं परत मिळणं कठीण, पुढचं तरी थांबतं. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनामूल्य करता येते.

आणि वस्तू विकून खात्यावर लीन लागलं असेल, तर शाखेत वाद घालून उपयोग नाही. शाखेकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात: तक्रारीचा पोच क्रमांक, कुठल्या राज्यातलं कुठलं पोलीस ठाणं, वादातली रक्कम आणि तपास अधिकाऱ्याचा अधिकृत ईमेल. त्या अधिकाऱ्याला पत्र पाठवावं, सोबत विक्रीची चिठ्ठी, आयएमईआय, गिऱ्हाइकाचा फोटो, चॅट आणि जाहिरात जोडावी. लीन फक्त वादातल्या रकमेपुरतं ठेवावं, बाकी खातं मोकळं करावं, अशी स्पष्ट मागणी त्यात लिहावी. याची प्रत शाखेलाही द्यावी आणि पोच घ्यावी, कारण लीन उठवण्याची सूचना बँकेला सहसा तपास यंत्रणेकडून यावी लागते. शाखा व्यवस्थापक ते स्वतःच्या अधिकारात काढू शकत नाही.